भडक रंग, चोख हिशेब: जपानचा स्वतंत्र व्हिज्युअल केई बँड वर येतो कसा?

व्हिज्युअल केई बँडचा फोटो पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो: "हे सगळे मुलगे आहेत?" हो, बहुतेक वेळा सगळे मुलगेच असतात. पांढराफटक चेहरा, काळ्या कडांचे डोळे, लेसचे हातमोजे, छतापर्यंत उभारलेले केस. उत्तर मिळालं की माणूस हसतो आणि पुढे जातो. त्याहून मजेदार प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो. एवढे कपडे, एवढा मेकअप, पाच जणांचे केस उभे ठेवायला लागणारा स्प्रे, भाड्याची गाडी, रेकॉर्डिंगचा खर्च, आणि पाठीशी एकही मोठी कंपनी नाही. हे परवडतं कसं?

या प्रश्नाच्या मागे गेलं की कळतं, मेकअप हा या गोष्टीचा दर्शनी भाग आहे. आत एक छोटं, चिकाटीने चालवलेलं दुकान आहे.

आधी नावाचं बघू. 'केई' म्हणजे पठडी, प्रकार. व्हिज्युअल केई म्हणजे 'दिसण्याच्या पठडीतले'. इथेच एक घोळ मिटवायला हवा: हा संगीताचा प्रकार नाही. एक बँड कानठळ्या बसवणारं मेटल वाजवेल, दुसरा गोड पॉप, तिसरा जॅझच्या वळणाचं काही. सगळे व्हिज्युअल केईच. कपडे, रंग, फोटो आणि मंचावरचा आविर्भाव हा गाण्याइतकाच कामाचा भाग मानायचा, एवढंच त्यांच्यात समान. मराठी वाचकाला इथे लगेच बालगंधर्व आठवतील. आठवू देत, पण ही तुलना फार ताणू नये. बालगंधर्व स्त्रीची भूमिका करत, आणि प्रेक्षकाने ती स्त्री आहे असं मानणं हा खेळाचा भाग होता. इथे बहुतेक जण बाई होत नाहीत, पुरुष म्हणूनही दिसत नाहीत, कुठल्याच गावचे नसलेले दिसतात.

हे नाव आलं एका बँडच्या घोषवाक्यावरून. एक्स नावाच्या बँडच्या १९८९ च्या 'ब्लू ब्लड' अल्बमवर 'सायकेडेलिक व्हायलन्स क्राइम ऑफ व्हिज्युअल शॉक' असं लांबलचक वाक्य छापलेलं होतं. अर्थ विचारू नका, दणका महत्त्वाचा. पुढच्या वर्षी 'शॉक्स' हे मासिक सुरू झालं. त्याचे संपादक सेइइची होशिको यांनी अशा बँडांना 'व्हिज्युअल शॉक केई' म्हणायला सुरुवात केली. मधला 'शॉक' कालांतराने गळला.

तातेयामाची दोन पोरं

एक्सची गोष्ट जरा निवांत सांगावी लागेल, कारण पुढे सगळ्यांनी वापरलेली वाट याच बँडच्या पायांनी मळली.

तातेयामा हे चिबा प्रांतातलं समुद्रकाठचं गाव. योशिकी आणि तोशी बालवाडीपासूनचे मित्र. योशिकीच्या घरी किमोनोचं दुकान होतं. तो दहा वर्षांचा असताना वडील गेले. लहानपणापासून तो पियानो शिकत होता, पुढे ड्रमवर बसला. तोशी गायचा. १९८२ मध्ये, शाळेत असतानाच, दोघांनी एक्स हा बँड काढला. शाळा संपल्यावर दोघं टोकियोत आले आणि तिथे पुढची काही वर्षं माणसं येत-जात राहिली. कधी गिटारवाला सोडून गेला, कधी बेसवाला. बँड म्हणजे खरं तर योशिकी, तोशी आणि त्या वेळी जो टिकेल तो.

१९८५ मध्ये एका छोट्या कंपनीतर्फे त्यांची पहिली तबकडी आली. मोठ्या कंपन्यांना हा प्रकार कुठे बसवावा हेच कळत नव्हतं. मेटलवाल्यांना ते नटवे वाटत आणि पॉपवाल्यांना गोंगाट करणारे. मग १९८६ मध्ये योशिकीने स्वतःचंच लेबल काढलं, एक्स्टसी रेकॉर्ड्स. भांडवलाला आईने दिलेले पैसे होते.

लेबल काढणं म्हणजे नेमकं काय? मोठी रेकॉर्ड कंपनी बँडसाठी ढोबळमानाने चार कामं करते: स्टुडिओचे पैसे भरते, तबकड्या छापून घेते, त्या दुकानादुकानांत पोचवते आणि गाजावाजा करते. स्वतःचं लेबल म्हणजे ही चारही कामं आपल्या डोक्यावर. स्टुडिओचे तास मोजून घ्यायचे, किती प्रती छापायच्या याचा अंदाज बांधायचा, दुकानदाराला गळ घालायची. अंदाज चुकला तर न खपलेले खोके आपल्याच घरी. फायदा इतकाच की काय वाजवायचं, काय घालायचं आणि कव्हरवर काय छापायचं हे विचारायला कोणाच्या दारात जावं लागत नाही. तेव्हा जपानमध्ये अशी छोटी लेबलं बऱ्याच जणांनी काढली होती. १९८५ मध्ये सार्वजनिक वाहिनी एनएचकेने या 'इंडीज'वर माहितीपटही दाखवला होता. एक्स काही जगावेगळं करत होता असं नाही. तो ते जास्त हट्टाने करत होता.

१९८७ मध्ये बँडची माणसं ठरली. गिटारवर हिदे आणि पाता, बेसवर ताइजी. हिदे योकोसुकाचा. त्याचा स्वतःचा सेव्हर टायगर नावाचा बँड नुकताच मोडला होता. केशरचनेचं रीतसर शिक्षण घेऊन तो परवानाधारक झालेला होता, ही गोष्ट मला फार आवडते. त्या उभ्या केसांमागे अंगात आलेलं वेड असेल, पण हात शिकलेला होता.

आता गाजावाजा. जाहिरातीला पैसे नाहीत, रेडिओ वाजवत नाही. या बँडने टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात जायला होकार दिला. बीट ताकेशी हा जपानचा तेव्हाचा सगळ्यात मोठा विनोदवीर, त्याचा तो कार्यक्रम. त्यात एक्सने एका साध्या खानावळीत, जेवणाऱ्या गिऱ्हाइकांच्या समोर, पूर्ण रंग-वेशात मेटल वाजवलं. देश हसला. मेटलच्या कट्टर रसिकांनी नाकं मुरडली: कलेची चेष्टा करून घेतली म्हणाले. मला विचाराल तर तो त्या काळातला सगळ्यात शहाणा निर्णय होता. हसणाऱ्या लाखोंपैकी काही हजारांनी नंतर तबकडी मागितली तरी भागणार होतं.

आणि मागितली. १४ एप्रिल १९८८ ला 'व्हॅनिशिंग व्हिजन' हा पहिला अल्बम एक्स्टसीवरूनच आला. पहिल्या छपाईच्या १०,००० प्रती आठवड्यात संपल्या. जपानमध्ये खपाची सर्वमान्य मोजदाद ओरिकॉन ही कंपनी करते. इंडी तबकड्यांची यादी वेगळी असे. हा अल्बम त्या यादीत पहिला आलाच, पण मोठ्या कंपन्यांच्या मुख्य यादीतही घुसला. योशिकीच्या खोक्यांचा हिशेब आता सगळ्यांना दिसेल अशा जागी छापला गेला होता. सीबीएस सोनीशी करार झाला आणि १९८९ मध्ये 'ब्लू ब्लड' आला, तोच घोषवाक्यवाला.

इथपर्यंतची गोष्ट यशाच्या कुठल्याही गोष्टीसारखी आहे. खरी मेख पुढे आहे. मोठ्या कंपनीत गेल्यावर योशिकीने एक्स्टसी बंद केलं नाही. उलट ते दुसऱ्यांसाठी चालवायला घेतलं. कानागावाच्या लुना सी या बँडवर हिदेची नजर पडली आणि १९९१ मध्ये त्यांचा पहिला अल्बम एक्स्टसीवर आला. हाकोदातेहून टोकियोत आलेल्या ग्लेचा अल्बम १९९४ मध्ये आला. पुढे ग्ले इतका मोठा झाला की १९९९ मध्ये टोकियोजवळच्या माकुहारीच्या एकाच कार्यक्रमाला २,००,००० लोक जमले. तिकडे ओसाकात कलर या बँडच्या टॉमीने १९८६ मध्येच फ्री-विल हे लेबल काढलं होतं. त्यातून पुढे दिर आं ग्रे वर आला. १९९७ चा हा बँड १९९८ मध्ये, अजून इंडी असताना, ओरिकॉनच्या मुख्य यादीत पहिल्या दहांत पोचला. मग त्यांची तीन सिंगल, म्हणजे एक-दोन गाण्यांच्या छोट्या तबकड्या, २० जानेवारी १९९९ या एकाच दिवशी निघाली. निर्माता योशिकी.

म्हणजे वर गेलेला वादक खालच्यांना हात देतो, आणि तो हात भावनेचा असतो तितकाच धंद्याचाही. आजही बरेच नवे वादक आधी मोठ्या बँडची वाद्यं उचलतात, तारा बदलतात, गाडी चालवतात. अशा पोराला तिकडे 'बोया' म्हणतात. आपल्याकडे गुरूच्या घरी पाणी भरून शिकत, त्याच्या जवळचा प्रकार.

वीस तिकिटांची गोष्ट

एक्स मोठा झाला तो जपानच्या फुगलेल्या अर्थव्यवस्थेचा, 'बुडबुड्याचा' काळ. तेव्हा पैसा होता. त्या लाटेचं पुढे काय झालं ते थोडक्यात: ३१ डिसेंबर १९९७ ला टोकियो डोममध्ये एक्सचा निरोपाचा कार्यक्रम झाला, २ मे १९९८ ला हिदे वारला, त्याच्या अंत्यविधीला त्सुकिजीच्या होंगान्जी मंदिराबाहेर हजारोंची रांग लागली. हळूहळू टीव्हीवरून हे चेहरे कमी झाले. पण तळाची बाजारपेठ उरली, आणि नवा इंडी बँड आजही तिथूनच सुरुवात करतो.

सुरुवात होते 'लाइव्ह हाऊस'मध्ये. म्हणजे तळघरातलं, दोन-तीनशे माणसं उभी राहतील असं छोटं सभागृह. बरीच लाइव्ह हाऊस कागदोपत्री खाण्यापिण्याची जागा असतात, म्हणून तिकिटाशिवाय एका पेयाचे पैसे प्रत्येकाने भरायचेच. सभागृह बँडला मानधन देतं असं आपल्याला वाटतं. नव्या बँडच्या बाबतीत उलटं असतं. सभागृह म्हणतं, तुम्ही समजा २० तिकिटं खपवा, तिकीट ३,००० येन. आठच खपली तर उरलेल्या बारांचे ३६,००० येन बँडने खिशातून द्यायचे. ठरलेल्या आकड्याच्या वर खपली तर त्यातला वाटा बँडला. या कोट्याला शब्द आहे 'नोरुमा'. मूळ रशियन. युद्धानंतर सायबेरियाच्या छावण्यांतून परतलेल्या जपानी कैद्यांनी तो मायदेशी आणला. वेठबिगारीचं रोजचं मोजमाप म्हणजे 'नोर्मा'. रॉकच्या दुनियेत तो शब्द अजून टिकलाय, यात मला थोडं काव्य दिसतं आणि थोडी कीवही येते.

म्हणून नवा बँड एकटा कार्यक्रम करत नाही. पाच-सहा बँड मिळून एक संध्याकाळ वाटून घेतात, प्रत्येकाला जेमतेम अर्धा तास. याला 'ताईबान' म्हणतात. फायदा असा की दुसऱ्याचं गिऱ्हाईक आपल्याला बघतं. पाचव्या बँडसाठी आलेली मुलगी दुसऱ्या बँडच्या वेळी मागे हात बांधून उभी असते. त्या अर्ध्या तासात तिचे हात सुटले पाहिजेत.

हात सुटणं हे मी शब्दशः म्हणतोय. व्हिज्युअल केईच्या कार्यक्रमात प्रेक्षकांच्या ठरलेल्या हालचाली असतात: कुठल्या ओळीला हात पसरायचे, कुठे कमरेतून वाकून केस झोकायचे, कुठे डावीकडून उजवीकडे धावायचं. नव्या बँडला हे माहीत असतं. म्हणून गाणं रचतानाच अशा जागा सोडलेल्या असतात. आणि उभं कुठे राहायचं यालाही नियम. मंचाच्या दोन बाजूंना 'कामिते' आणि 'शिमोते' म्हणतात, हे काबुकीसारख्या जुन्या रंगभूमीचे शब्द. तुमचा आवडता गिटारवाला कामितेला उभा राहत असेल तर तुम्हीही त्याच बाजूला. पहिल्या रांगेतल्या बायकांकडे वरून एक नजर टाकली की बँडमध्ये कोणाचा भाव किती ते मॅनेजरला मोजता येतं.

या निष्ठावान प्रेक्षक बायका-मुली म्हणजे 'बांग्या'. बँड आणि गॅल हे दोन शब्द जोडून झालेल्या 'बांग्यारू'चं हे छोटं रूप. सगळा डोलारा त्यांच्यावर उभा आहे.

पैसा मंचावर नाही, टेबलावर

कार्यक्रम संपला की दाराजवळ एक टेबल लागतं. टॉवेल, टी-शर्ट, सीडी, आणि 'चेकी'. चेकी म्हणजे फुजीफिल्मच्या झटपट कॅमेऱ्याचा पत्त्याच्या पानाएवढा फोटो. १९९८ मध्ये हा कॅमेरा बाजारात आला आणि छोट्या बँडांना जणू टांकसाळ मिळाली. हिशेब बघा. मेकअप तसाही झालेला आहे, कपडे अंगावर आहेत. कार्यक्रमाआधी तासभर बसून प्रत्येकाचे वीस-तीस फोटो काढायचे. एका फोटोला शंभर येनच्या आतबाहेर फिल्म लागते, विकायचा त्याच्या कितीतरी पट भावाने. शिवाय प्रत्येक फोटो एकुलता एक, त्याची दुसरी प्रत निघत नाही. बऱ्याचदा ते बंद पाकिटात विकतात, आत कोण निघेल ते नशीब. मग बाहेर फुटपाथवर अदलाबदल चालू होते: माझ्याकडे दोन ड्रमर आलेत, तुझ्याकडे गायक आहे का? आपण लहानपणी क्रिकेटपटूंची कार्डं अशीच बदलायचो.

बघा, इथे मेकअपचा अर्थ बदलतो. वर विचारलं ना, हा खर्च परवडतो कसा? खर्च नाहीच तो, माल आहे. नवं सिंगल निघालं की नवा वेश, कारण नव्या वेशातले चेकी पुन्हा विकता येतात. तोच पेहराव वर्षभर घातला तर टेबल ओस पडेल.

सीडीचंही तसंच. जपानमध्ये पुस्तकं आणि सीडी यांना ठरलेल्या किमतीची कायदेशीर सवलत आहे. प्रकाशक सांगेल तीच किंमत, दुकानदार ती उतरवून विकू शकत नाही. किमतीची स्पर्धाच नाही म्हटल्यावर एकाच गिऱ्हाइकाला तीच वस्तू दोनदा कशी घ्यायला लावायची, यावर डोकं चालतं. एकच सिंगल तीन प्रकारांत निघतं. एकात व्हिडिओ, दुसऱ्यात जास्तीचं गाणं, तिसऱ्यात फोटो. 'लाइक ॲन एडिसन'सारखी फक्त याच पठडीला वाहिलेली दुकानं आहेत. तिथे सीडी घेणाऱ्याला बँडशी हात मिळवायची, दोन वाक्यं बोलायची संधी मिळते. एका मुलीने पाच प्रती घेतल्या तर पाच वेळा.

याची काळी बाजू लपवण्यात अर्थ नाही. तुटपुंज्या पगारातल्या मुली कुवतीबाहेर खर्च करतात, महागड्या भेटी देतात, पुढच्या रांगेवरून त्यांच्यात राजकारण चालतं. आपुलकी आणि गल्ला यांच्यातली रेष इथे फार पुसट असते, आणि काही बँड ती मुद्दाम पुसट ठेवतात. पण बहुतेक वादकही रात्री दुकानात पाळी करून, एका खोलीत तिघं राहून हे करत असतात. श्रीमंत कोणीच होत नाही.

टिकले तर पुढची पायरी 'वनमन', म्हणजे पूर्ण संध्याकाळ आपली एकट्याची. आधी दोनशेची जागा, मग पाचशेची, मग हजारापुढची. आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर निप्पॉन बुदोकान, १९६४ च्या ऑलिम्पिकमधल्या जुदोसाठी बांधलेलं. १९६६ मध्ये तिथे बीटल्स वाजवून गेले तेव्हापासून ते रॉकचं पंढरपूर झालंय. बहुतेक बँड वाटेतच मोडतात.

न वाजवणारा बँड

या सगळ्या व्यवस्थेची चेष्टा करत तिच्याच शिखरावर जाऊन बसलेला एक बँड आहे, गोल्डन बॉम्बर. शो किर्युइन आणि युताका क्यान यांनी २००४ मध्ये काढलेला. किर्युइन विनोदवीर घडवणाऱ्या योशिमोतोच्या शाळेत शिकलेला. चौघांपैकी तो गातो आणि गाणी रचतो. बाकीच्या तिघांच्या हातात गिटार, बेस, ड्रमच्या काठ्या असतात, पण ते वाजवत नाहीत. संगीत ध्वनिमुद्रित. सोलोची वेळ आली की नाच, नकला, खाण्यापिण्याचे आचरट प्रयोग. ते हे लपवत नाहीत, 'एअर बँड' असं स्वतःच सांगतात. व्हिज्युअल केईवरचा जुना आरोप होता की यांना वाजवता येत नाही, नुसते दिसतात. यांनी तो आरोप कपाळावर लिहून घेतला.

२००९ मध्ये त्यांचं 'मेमेशिकुते' आलं, एका रडव्या प्रियकराचं नाचरं गाणं. ते कराओकेतून देशभर पसरलं. २०१२ मध्ये बुदोकान झालं. वर्षअखेरीला एनएचकेवर 'कोहाकू' हा गाण्यांचा मोठा कार्यक्रम असतो, जो आजी-आजोबाही बघतात. तिथे हे २०१२ ते २०१५ अशी सलग चार वर्षं गेले, चारही वेळा तेच गाणं घेऊन. आणि हे सगळं छोट्या स्वतंत्र लेबलवर राहून. जानेवारी २०१३ मध्ये त्यांचं सिंगल ओरिकॉनवर पहिलं आलं तेव्हाही ते इंडीच होते.

२०१४ मध्ये त्यांनी टेबलाचाच प्रयोग उलटा करून पाहिला. 'लॉरा नो किझुदाराके' हे सिंगल एकाच प्रकारात काढलं. कोरं पांढरं कव्हर, फोटो नाही, व्हिडिओ नाही, हात मिळवणं नाही. किर्युइनला बघायचं होतं की नुसत्या गाण्याला किती जण पैसे देतात. आधीच्या सिंगलच्या मानाने खप धाडकन खाली आला. हा आकडा बघण्याची हिंमत कुठल्याही मोठ्या कंपनीने त्यांना करू दिली नसती.

१ एप्रिल २०१९ ला जपान सरकार नव्या सम्राटाच्या काळाचं नाव जाहीर करणार होतं. नाव गुप्त होतं. गोल्डन बॉम्बरने गाणं आधीच रचून, नावाची जागा रिकामी ठेवून, तयार ठेवलं होतं. सकाळी साडेअकरा उलटून गेल्यावर 'रेइवा' हा शब्द टीव्हीवर झळकला. ते स्टुडिओत उभेच होते. शब्द भरला, उरलेलं चित्रण उरकलं आणि साधारण तासाभरात व्हिडिओ लोकांसमोर होता.